रात्रभर ठेवलेलं पाणी

कोथरूड, पुणे
१३ जानेवारी २०१३

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

हाताला 'चि. सौ.' लिहायची सवय आहे. 'सौ.' लिहून झालं, मग खोडलं, मग तो कागदच फाडला. हा दुसरा. परवा राजसला जाऊन तीन महिने होतील, आणि अशा वेळी सुनेला पत्र लिहिताना मायना काय लिहावा हे मला कुणी सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

पत्राचं कारण अगदी साधं आहे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी तुम्हा दोघांची काचेची टाकी पडून आहे. दोन फुटी. तळाला काळी वाळू, बाकी कोरडी ठणठणीत. तुझ्या सासूने, हेमाने, तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. येणारा-जाणारा तिला कपडे ठेवायची पेटी समजतो आणि वर पिशवी ठेवतो. परवा समोरच्या जोगळेकरांनी दळणाचा डबा ठेवला. काच आहे म्हटल्यावर, "मग सांगायचं नाही का?" असं मलाच विचारलं.

टाकीखालच्या कप्प्यात तुझी वही सापडली. वर लिहिलं आहे, 'कोळंबी'. आत सगळं टापटीप आहे. पाणी कसं तयार करायचं, किती दिवस लागतील, काय घालायचं, काय घालायचं नाही. ऑफिसात बसून उतरवलेलं दिसतंय. हिंजवडीला तुम्ही दोघं काय काम करता हे मला कधी कळलं नव्हतं, निदान त्यातलं थोडं आता कळलं.

तर या टाकीचं काय करायचं? वाशीमला तुझ्या माहेरी पाठवायची असेल तर तसं कळव. कुणाला द्यायची असेल तर तसं कळव. उत्तर आलं तर तुझ्या म्हणण्याप्रमाणे करीन. नाही आलं तर माझ्या मनाप्रमाणे करीन, आणि माझ्या मनाप्रमाणे केलेलं या घरात कुणाला आवडत नाही हे तुला ठाऊक आहे.

हिंमतरावांना आणि कौशल्याबाईंना नमस्कार.

शरच्चंद्र

---

१० फेब्रुवारी २०१३

चि. रुपालीस,
आशीर्वाद.

उत्तर आलं नाही, तेव्हा माझ्या मनाप्रमाणे केलं. टाकी भरली.

वहीत तू लिहिलं आहेस, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. ते मला वहीने सांगायला नको होतं, पण तुझ्या अक्षरात वाचायला बरं वाटलं. गॅलरीत दोन बादल्या भरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तांब्यातांब्याने ओतत बसलो. वाळू उठली की थांबायचं, ती बसली की पुन्हा. राजस असता तर बादली उपडी केली असती आणि वर मला सांगितलं असतं की बसेल हो आपोआप.

हेमाला सांगितलं की यात कोळंबी ठेवायची आहे. ती म्हणाली, "आपल्या घरात? कोळंबी?" मी म्हटलं, खायला नाही, बघायला. त्यावर म्हणाली, "खाणारे निदान एकदाच मारतात." पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाजवळच्या बदामाची वाळलेली पानं तिनेच वेचून आणली, धुऊन, पुसून. तुझ्या वहीतलं तेवढं पान तिने वाचलं होतं. कोळंबीला ती पानं चघळायला आवडतात म्हणे.

आता सहा आठवडे टाकी अशीच ठेवायची आहे, आत कुणीही नाही. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते खायला कुणी नाही, ते कुजायचं, त्यातून अमोनिया व्हायचा, आणि तो अमोनिया खाणारे जिवाणू हळूहळू वाढायचे. ते वाढले की पाणी राहण्याजोगं होतं. मी हे वर्गात फळ्यावर शंभर वेळा लिहिलं असेल. घरात घडताना बघितलं नव्हतं. सकाळी मी चिमूट टाकली की हेमा बघत उभी राहते. काल म्हणाली, "कुणी नाही तरी रोज वाढायचं," आणि आत गेली.

वहीत एका ओळीखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. औषधं नकोत, त्यांत तांबं असतं, तांब्याने कोळंबी लगेच मरते. बरोबर आहे. हेमाला बजावून ठेवलं आहे की टाकीत कुठलंही औषध जायचं नाही.

आणखी एक. घरचा लँडलाइन मी बंद करून टाकला. वापर नव्हता. उपकरण परत करून आलो. तेव्हा त्या नंबरावर फोन करू नकोस. तू करतेस असं नाही, पण माहीत असावं. हेमाचा मोबाइल चालू आहे.

शरच्चंद्र

---

१० मार्च २०१३

चि. रुपाली,

आज बुधवार पेठेत जाऊन टाकीचा दिवा आणला. तोच, जो आणायला राजस निघाला होता. वहीत त्याच्या अक्षरात दुकानाचा पत्ता आणि बाजूला 'शनिवारी आणतो' असं आहे. त्याने शनिवार पाळला होता, एवढं मात्र खरं.

मी बसने गेलो. कर्वे रस्त्यावरचा तो दुभाजक आला तेव्हा खिडकीकडे बसलेल्या बाईंना मी वेळ विचारली. हातात घड्याळ होतं माझ्या. त्यांनी वेळ सांगितली आणि माझ्या घड्याळाकडे पाहिलं.

दुकानदाराने दिवा लावून दाखवला, गुंडाळून दिला. घरी येऊन बसवला. पाणी हिरवट सोनेरी दिसतं, पानांचा रंग उतरला आहे. हेमा पंधरा मिनिटं खुर्ची ओढून बसली. नंतर म्हणाली, "हे त्याला बघायचं होतं."

मग मीही आता एका गोष्टीबद्दल लिहितो. तेराव्याला, तुझ्या आईवडिलांसमोर, मी तुला म्हणालो की तुझ्या कोळंब्यांपायी माझा मुलगा गेला. तू दिवा मागितला नसतास तर तो त्या संध्याकाळी बाहेर पडला नसता. हे मी म्हणालो. हिंमतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "चाल बाई घरी." त्याआधी दवाखान्यात तू सारखं एकच सांगत होतीस. तू त्याला सव्वासहाला फोन केला होतास, पंप लहान आणा सांगायला. तो म्हणाला होता, गाडीवर आहे, पाच मिनिटांत लावतो. आणि त्या दुभाजकाजवळचा चहावाला म्हणत होता की पोराच्या कानाला फोन होता. तेव्हा तो तुलाच परत लावत असणार, असं तू म्हणत होतीस. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

बोललो ते बोललो. शोकात माणूस बोलतो. ते योग्य होतं असं मी म्हणत नाही.

टाकीत अमोनिया उतरायला लागला आहे. सदाशिव पेठेत ज्ञानदेव म्हणून एक माणूस मासे विकतो, त्याने तपासायचे थेंब दिले. परीक्षानळीत थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवा म्हणजे अजून विष आहे, पिवळा म्हणजे गेलं. सध्या पोपटी आहे.

शरच्चंद्र

---

७ एप्रिल २०१३

चि. रुपाली,
आशीर्वाद.

रंग पिवळा झाला. सलग आठ दिवस पिवळा बघितल्यावर मगच गेलो. ज्ञानदेव म्हणाला, "सर, एवढी वाट कोणी बघत नाही. लोक दुसऱ्या दिवशी टाकतात, तिसऱ्या दिवशी भांडायला येतात." मी म्हटलं, मी भांडायला पहिल्याच दिवशी येऊ शकतो. बारा दिल्या त्याने. लाल. बोटाच्या पेराएवढ्या, काही त्याहून लहान.

एकदम टाकीत सोडायच्या नाहीत. तू लिहिलंच आहेस. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळायचं, दोन तास, म्हणजे त्यांना धक्का बसत नाही. त्यासाठी बारीक नळी लागते. मेडिकलमधून सलाइनची आणली. तिच्यावर ते चाक असतं ना, थेंब कमीजास्त करायचं. हेमाने नळी बघितली आणि देवघरात जाऊन बसली. मी एकटाच थेंब मोजत राहिलो. ऑक्टोबरात दोन दिवस आपण तिघांनी तेच केलं होतं. यांच्या बाबतीत निदान उपयोग झाला. बाराच्या बारा टाकीत उतरल्या आणि अर्ध्या तासात बदामाच्या पानावर चरायला लागल्या. पुढचे पाय इतक्या भराभर तोंडाकडे नेतात की परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत लिहिणारी मुलं आठवतात.

तुला सांगायला हरकत नाही, मी हसलो. मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

पण आज सकाळी एक मेली. वाळूवर आडवी पडली आहे, पांढरट, पारदर्शक, डोळे-मिशांसकट. मी मोजल्या तर अकराच भरल्या. हे असं का व्हावं ते वहीत नाही. पाणी बरोबर आहे, तीनदा तपासलं. काढून टाकू का तशीच ठेवू? तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही. ज्ञानदेव आहे, पण तो नवीन विकतो.

बाबा

---

२८ एप्रिल २०१३

चि. रुपाली,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने खाली हाक मारली तेव्हा मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. या वयात तो मूर्खपणाच. 'मेली नाही. कवच आहे ते. वाढताना टाकतात. काढू नका, खातात त्या.' एवढंच. मी ते हेमाला वाचून दाखवलं आणि तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं. खाण्यापिण्याचं कार्ड देव्हाऱ्यात कशाला, असं विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

तू म्हणालीस तसंच निघालं. पुन्हा मोजल्या, बारा. एक शेवाळाच्या मागे लपली होती. कवच टाकलं की अंग मऊ असतं, म्हणून दोन दिवस तोंड दाखवत नाहीत.

हिंमतरावांचाही फोन आला होता हेमाच्या मोबाइलवर. ते म्हणाले, "काही बोलत नाही जी पोरगी. तुमचं पत्र आलं का हातात घेऊन बसते." माझ्याशी ते इतकं सरळ बोलले याची मला लाज वाटली.

कार्डामागोमाग आलेल्या दुसऱ्या पत्रात तू विचारलं आहेस, 'बाबा, यांचा फोन खरंच दुरुस्त होणार नाही का? पुण्यात कुणालातरी दाखवून बघाल? मला दुसरं काही नको. मला लावत होते का, एवढंच बघायचं आहे. ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही.'

त्याबद्दल पुढे लिहितो. आधी इथली बातमी. एका मादीच्या पोटाखाली अंडी आली आहेत. पिवळसर, मोहरीएवढी, वीसेक असतील. ती पायांनी त्यांना सारखी हलवत असते, वारा घातल्यासारखं, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं. हेमाने तिला ओळखून ठेवलं आहे. माझ्या मते सगळ्या सारख्याच दिसतात, पण हेमा बरोबर ओळखते. 'ती बघा आपली,' म्हणते. वहीप्रमाणे महिनाभर लागतो. म्हणजे मे अखेरीस पिल्लं. तेव्हा तू इथे यावंस असं आम्हा दोघांना वाटतं. तुझे सर्टिफिकेटांचे कागद, पुस्तकं, साड्या, सगळं तुमच्या खोलीत जसंच्या तसं आहे. खोली रोज झाडली जाते.

फोनचं असं आहे की तो पार खराब झालेला आहे. हवालदाराने माझ्या हातात दिला तेव्हाच काच फुटलेली होती. दुरुस्तीचे दुकानदार काही करू शकतील असं वाटत नाही. दाखवून बघतो. तू त्याचा विचार करू नकोस.

इथे उन्हाळा फार आहे. टाकीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जातं.

बाबा

---

१२ मे २०१३

चि. रुपाली,

दोन जूनला येतेस हे वाचून हेमाने आजच उशांचे अभ्रे धुवायला काढले. अजून तीन आठवडे आहेत असं म्हटलं तर म्हणाली, "मला माहीत आहे."

हे पत्र घाईत. परवा माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखं काही नाही. आठवडाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, काळा चष्मा लावायचा. टाकी हेमाकडे सोपवली आहे. खाद्य किती, दिवा किती वेळ, सगळं सांगितलं. पाणी खाली गेलं की भर घालायची, पण नळाचं ताजं घालू नकोस, रात्रभर ठेवलेलं पाणी घाल, हे चारदा सांगितलं. ती म्हणाली, "चार मुलांची ट्यूशन असल्यासारखं सांगू नका."

अंड्यांत आता काळे ठिपके दिसतात. ते डोळे आहेत. तू येशील तेव्हा पिल्लं झालेली असतील.

फोन अजून दाखवायला नेलेला नाही.

बाबा

---

२४ मे २०१३

चि. रुपाली,

हे पत्र तू बसून वाच. शक्य असेल तर कौशल्याबाईंना जवळ बसव.

टाकीतली एकही कोळंबी राहिली नाही. अंडीवालीसुद्धा.

ऑपरेशननंतर चार दिवस मी आरामखुर्चीत होतो. काळ्या चष्म्यातून टाकी म्हणजे एक हिरवा चौकोन दिसत होता. पाचव्या दिवशी हेमा म्हणाली, खाली काहीतरी पांढरं पडलं आहे, चार-पाच ठिकाणी. मी म्हटलं, कवचं असतील, काढू नकोस, खातात त्या. तुझंच वाक्य तिला ऐकवलं. सहाव्या दिवशी ती म्हणाली, खात तर कुणीच नाही. तेव्हा मी चष्मा काढला, वाकायचं नव्हतं तरी वाकलो. ती कवचं नव्हती. कवच पारदर्शक असतं, ही पांढरट गुलाबी झाली होती, शिजल्यासारखी. 'आपली' पानाखाली होती. अंडी पोटालाच होती.

पाणी तपासलं. रंग पिवळा. पाण्यात कुजल्याचं विष नाही, मग काय झालं ते कळेना. हेमाला विचारलं, कुठलं पाणी घालत होतीस? गॅलरीतल्या बादलीतलं ना? ती म्हणाली, बादलीत कबुतरांची पिसं पडली होती, घाण होतं, ते मी झाडांना घातलं. मग टाकीत कुठलं घातलंस? ती म्हणाली, "रात्रभर ठेवलेलं. तुम्ही सांगितलंत ना. आपलं घागरीतलं."

स्वयंपाकघराच्या दाराआडची तांब्याची घागर. तू रोज सकाळी तिच्यातलंच पाणी प्यायचीस, पोटाला चांगलं म्हणून हेमा तुला आग्रह करायची. या घरात रात्रभर ठेवलेलं पाणी म्हणजे तेच. चाळीस वर्षं तेच. शिवाय कोळंब्यांना जाणार म्हणून तिने ती रोज चिंचेने लखलखीत घासली होती. चिंचेने घासलेल्या तांब्यात रात्रभर पाणी ठेवलं की त्यात काय उतरतं, हे बारावीचा मुलगा सांगेल. मी त्या मुलांना शिकवत होतो. तुझ्या वहीतली ती दोन रेघांची ओळ वाचून मी घरातली सगळी औषधं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, आणि रोज त्या घागरीतलं पाणी पीत राहिलो.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी हेमाला म्हणालो, "मारल्यास तू. सगळ्या तू मारल्यास." ओरडून म्हणालो. जोगळेकरांच्या घरात टीव्ही बंद झाला, एवढ्या मोठ्याने.

हेमा खुर्चीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "मारल्या. बरं. मग त्या पोरीला एक पत्र लिहा की सासूही तुझ्यासारखीच निघाली."

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध?

ती म्हणाली, "त्या दिवशी गीझर कुणी बंद केला, आठवतं?"

मी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी केला," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर होतात."

रुपाली, आता सांगतो. त्या शनिवारी दुपारी राजसने टाकी धुतली, वाळू भरली, मग आंघोळ केली आणि निघाला. गीझर चालू राहिला. साडेसहाच्या आत मला तो दिसला. मी लँडलाइनवरून त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तुला माझी सवय माहीत आहे, उचलेपर्यंत मी सोडत नाही, तुम्ही दोघं त्यावर हसायचात. तिसऱ्यांदा त्याने उचलला. गाडीवरच असणार, कारण वाऱ्याचा आवाज होता. मी त्याला गीझरवरून बोलायला लागलो. घरात राहायचं तर घराची शिस्त, बायकोला टाक्या हव्यात, मासे हवेत, आणि एक बटण बंद करता येत नाही. तो म्हणाला, "अहो बाबा, मग बंद करा ना." हसत म्हणाला. त्यावर मी आणखी काही बोलत होतो, तेवढ्यात खाडकन आवाज होऊन फोन बंद झाला. मला वाटलं, त्याने माझ्यावर फोन आपटला. त्यानंतर पाऊण तास मी त्याच्यावर चिडून बसलो होतो. आल्यावर काय बोलायचं ते ठरवत होतो. मग दवाखान्यातून फोन आला.

फोन खराब झालेला नव्हता. काच फुटली आहे, पण चालतो. हवालदाराने दिला त्याच दिवशी मी बघितलं होतं. मग माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवला. तू दवाखान्यात रडत होतीस की मला लावत असणार, तेव्हा तो माझ्या खिशात होता. तेराव्याला मी तुला ते वाक्य बोललो तेव्हा मला खरं काय ते पक्कं ठाऊक होतं. शोकात बोललो असं मार्चमध्ये तुला लिहिलं, तेही खोटं. मी भीतीने बोललो. माझ्या अंगावर येऊ नये म्हणून तुझ्या अंगावर टाकलं, आणि तू ते घेऊन वाशीमला गेलीस. सात महिने तुला झोप नाही. ती मी घेतली. लँडलाइनही त्यामुळेच काढला. तो वाजला की मला उचलवत नव्हता.

हेमाला मी विचारलं, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज बोलतील. टाकी भरलीत तेव्हा वाटलं, आता बोलतील. पत्रं लिहायला लागलात तेव्हा वाटलं, यातच लिहीत असतील." मग म्हणाली, "माझंही चुकलं. त्या पोरीकडे मी एकदा तरी जायला हवं होतं."

तिने ती घागर माळ्यावर टाकली आहे. मी काढून परत जागेवर ठेवली. घागरीचा दोष नाही, आणि हेमाचा तर नाहीच. मी जे सांगितलं तेच तिने केलं, तेही जिवापाड. तू एक दिवा मागितलास आणि लहान पंप आणा म्हणून सांगितलंस. यापलीकडे तू काही केलेलं नाही. तो तुला लावत नव्हता. त्याला तुला लावायला मी वेळच दिला नाही.

माझी मागणी काही नाही. क्षमा वगैरे शब्द मी इथे लिहिणार नाही, ते तुझ्याकडून काही मागितल्यासारखं होईल. दोन जूनला तू यावंस असंही आता मी म्हणू शकत नाही. तुझे कागद हवे असतील तर हेमा वाशीमला घेऊन येईल, तिनेच तसं म्हटलं आहे. यायचं ठरवलंस आणि मी घरात नको असेन, तर तसं हेमाला कळव. मी जोगळेकरांकडे जाऊन बसेन, ते मला काही विचारणार नाहीत. नोकरीसाठी पुण्यात परत येणार असशील तर तुमची खोली तुझी आहे, मी असलो तरी, नसलो तरी.

टाकी रिकामी केली, वाळू सात पाण्यांनी धुतली. तांबं वाळूत राहतं, त्यामुळे ती टाकून नवीन भरावी लागेल. ते तू सांगशील तेव्हा, नाहीतर नाही.

सोबतच्या पार्सलमध्ये राजसचा फोन आहे, रजिस्टर पोस्टाने. तो मी काल पूर्ण चार्ज केला. चार्जरही ठेवला आहे, कारण पोस्टाला किती दिवस लागतील सांगता येत नाही. आत तुमचे फोटो आहेत, ते मी बघितले नाहीत. काचेची कपची बोटाला लागते, जपून हाताळ. आलेल्या फोनांची यादी उघडलीस की सगळ्यांत वर १३ ऑक्टोबर, सहा वाजून बावीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद असं दिसेल. त्याच्या खाली, सव्वासहाला, तुझा. न उचललेल्यांच्या यादीत त्याच नंबरचे दोन.

आपल्या लँडलाइनला त्याने नाव दिलं आहे 'घर'. ते बघून गोंधळू नकोस. हेमा गीझर बंद करायला गेली होती. फोनवर मी होतो.

बाबा